परशूला वेळ लागायचा

परशूच्या नंबरवरून फोन आला की पहिले काही क्षण पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. माझ्या या धाकट्या भावाची जीभ अडायची. 'ताई' म्हणायचं असायचं आणि 'त'पाशीच सगळं थांबायचं. पूर्वी मी घाईने म्हणायचे, "हां, बोल परशू, काय झालं? बरं आहे ना सगळं? शैला कशी आहे?" म्हणजे त्याने तोंड उघडायच्या आत त्याचं निम्मं बोलणं मीच उरकून टाकायचे. गेल्या सात-आठ वर्षांत त्याने माझी ही खोड मोडली होती. त्यामुळे दीड महिन्यापूर्वी सकाळी साडेसहाला त्याचा फोन आला, तेव्हा मी तो कानाला लावला, गॅस बारीक केला आणि वाट पाहत उभी राहिले. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हटलं, आज जरा जास्तच अडलंय वाटतं... अडू दे. दूध वर आलं, ते एका हाताने उतरवलं. आणि मग जो आवाज आला तो परशूचा नव्हता. त्याची मुलगी गौरी होती, चार दिवसांसाठी माहेरी आलेली. "आत्या," एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा नुसता श्वास. तेव्हा मला कळलं.

पेणहून रोह्याला पोचायला दीड तास लागतो. मी पोचले तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. अंघोळ करून खुर्चीत बसला आणि मान कलली, इतकंच झालं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं म्हणाले. चौसष्टावं वर्ष चालू होतं त्याला. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. क्रम चुकला, असं सगळे म्हणत होते, आणि मी मान हलवत होते.

तेराव्याला त्याच्या कंपनीतले जुने सहकारी आले होते. धाटावच्या एका रसायनाच्या कारखान्यात परशूने तेहतीस वर्षं काढली. त्यांच्यातले एकजण उभं राहून चार शब्द बोलले. मनापासून बोलले. म्हणाले, "परशुराम तसा अबोल माणूस होता. पण कामाला चोख." शैला, माझी भावजय, माझ्या शेजारी बसली होती. 'अबोल' हा शब्द ऐकल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण मांडीवरचा पदर तिने उगाच सारखा केला. तो शब्द माझा होता. सदतीस वर्षांपूर्वी तो मीच त्याला लावला होता आणि तेव्हापासून तो त्याच्या अंगाला चिकटला. तेराव्याच्या पानावरही तो हजर होता. तो पुसावा, एवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे. फार उत्साहाने लिहीत नाही. अलीकडे कशालाच फार उत्साह वाटत नाही.

आम्ही खांब गावचे. वडील कोलाडला भाताच्या गिरणीत कामाला होते, आई घर आणि दुसऱ्यांची शेतं दोन्ही बघायची. परशू बोलायला लागला तोच अडखळत. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग शेजारपाजार सुरू झाला. कुणी म्हणालं, शंखात पाणी भरून ठेवा आणि सकाळी ते पाजा. कुणी म्हणालं, वेखंड उगाळून जिभेला लावा. एकाने तोंडात गारगोट्या ठेवून बोलायला लावायला सांगितलं, तर त्यातली एक त्याने गिळली आणि दोन दिवस आई त्याच्या मागे मागे फिरत होती. परशू हे सगळं करून घ्यायचा. शंखाचं पाणी पिऊन झालं की आई त्याच्यासमोर उकिडवी बसायची आणि म्हणायची, "बोल बघू आता... परशुराम." तो 'प'वर यायचा. ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मान ताणली जायची, डोळे मिटले जायचे. आई बघवेनासं होऊन उठून जायची. स्वतःचं नाव हाच त्याच्यासाठी सगळ्यात कठीण शब्द होता. गावातल्या पोरांना हे फार लवकर कळलं. "तुजा नाव काय रं?" एवढं विचारायचं आणि मजा बघायची.

शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसायचे. हजेरीला परशूचं नाव आलं की मी माझ्या ओळीतून उठून म्हणायचे, "परशुराम हजर." गुरुजींनीही ते चालवून घेतलं. घरातून निघतानाच आई सांगायची, "गो कुसुम, त्याच्या संगतीला रहा. त्याला नाय बोलता यायचं." मी राहिले. दुकानात त्याच्या वतीने मी बोलायचे, पाहुण्यांशी मी बोलायचे, भांडणं मी करायचे. मला ते आवडायचंही, खोटं कशाला सांगू. एकदा मी तापाने आठवडाभर घरी होते. ते दिवस परशू रोज शाळेत गेला, आपल्या जागेवर बसला, आणि हजेरीपटावर सगळे दिवस त्याची गैरहजेरी लागली. 'हजर' म्हणायला कुणी नव्हतं. समोर बसलेला मुलगा गैरहजर! गुरुजींनी मान वर करून पाहिलंच नसेल, की पाहूनही आवाजाची वाट पाहिली असेल, कोण जाणे. परशूने हे घरी सांगितलं नाही. मला त्याने ते सांगितलं तेव्हा आम्ही दोघं साठीच्या आसपास होतो.

लग्न होऊन मी पेणला आले आणि इथल्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. परशू महिन्या-दोन महिन्यांतून मला भेटायला यायचा. आमच्या गल्लीत गणपतीचे दोन कारखाने आहेत. तिथे जाऊन तो तासन्‌तास बसायचा. रंगकाम करणारी माणसं बोलत नाहीत, त्यामुळे त्याला तिथे बरं वाटायचं. मात्र तो यायचा तो नेहमी उशिरा. खांबला गाडी किती वाजता येते हे मला ठाऊक होतं, तरी हा पठ्ठ्या तासभर उशिराने उगवायचा. विचारलं तर हसायचा. मग एकदा माझे मिस्टर योगायोगाने त्याच गाडीत होते, मागच्या बाकावर. घरी येऊन म्हणाले, "परशू वडखळला उतरला. मी हाक मारेपर्यंत गाडी सुटली. तिथे काय काम असतं त्याचं?" मी क्षणभर विचार केला आणि मला उलगडलं. त्याला 'पेण' म्हणता येत नव्हतं. कंडक्टर समोर उभा, मागे माणसं खोळंबलेली, आणि ओठ मिटलेले. 'वडखळ' म्हणता यायचं. म्हणून तो वडखळचं तिकीट काढायचा, तिथे उतरायचा, आणि पुढे मिनीडोरमध्ये, म्हणजे सहा आसनी रिक्षात, बसून पेणला यायचा. मिनीडोरमध्ये काही बोलावं लागत नाही, शेवटचा स्टॉप पेणच. उन्हातान्हात वडखळच्या नाक्यावर उभा राहून तो मिनीडोर भरायची वाट बघत असेल, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मिस्टरांना मी म्हटलं, "असेल काहीतरी काम." परशूलाही मी काही विचारलं नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आता ती 'अबोल'ची गोष्ट.

परशूला कंपनीत नोकरी लागल्यावर स्थळं बघायला सुरुवात झाली. शैला माणगावकडची. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा आईने मला बजावलं होतं, "तू बोल हां. त्याला मधी बोलू देव नको." मी बोलले. परशूची नोकरी, त्याचं अक्षर किती सुरेख, त्याला कसलंही व्यसन नाही, सगळं सांगितलं. शैलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "मुलगा काहीच बोलत नाही?" परशूने माझ्याकडे पाहिलं. मला आजही ती नजर आठवते... सांग, असं ती म्हणत होती, की सांगू नको, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी हसून म्हटलं, "तो पहिल्यापासून अबोल आहे हो. कामापुरतंच बोलतो." सगळे हसले. अशी माणसं बरी, असं कुणीतरी म्हणालं. लग्नात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हाही मी पुढे झाले आणि नवरदेवाच्या वतीने करवलीने उखाणा घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे, असं ठोकून दिलं. तशी कुठलीही पद्धत नव्हती.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी शैला एकटीच पेणला आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? मी यांना आवडले नाही का? ते माझ्याशी बोलतच नाहीत. हो, नाही, एवढंच. माझं नावसुद्धा अजून घेतलं नाही त्यांनी." मी तिच्यासमोर बसले होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी तिला म्हटलं, "अगं, तो तसाच आहे. सवय होईल." ती गेली. आणि पुढच्याच आठवड्यात कधीतरी चुलीवरच्या भाताचं उकळतं पाणी तिच्या हातावर सांडलं. परशू धावत आला आणि तिचं नाव घ्यायला लागला, आणि ते येईना. तो तिचा हात पाण्यात धरून 'श... श...' करत राहिला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. हे मला शैलानेच पुढे सांगितलं. ती म्हणाली, "हात भाजलेला असताना मला हसू आलं, ताई. म्हटलं, एवढंच होय! मला वाटत होतं, मी नको आहे यांना." मग हसू ओसरल्यावर ती मला शांतपणे म्हणाली, "तुम्ही सांगायला हवं होतं. सांगितलं असतंत तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. पण ते मला ठरवता आलं असतं ना." ती पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. पण ती विसरलीही नाही, आणि तिने विसरावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू.

त्यांचा संसार चांगला झाला. गौरी झाली. घरात तो शैलाशी आणि गौरीशी अडखळत का होईना बोलायचा. बाहेर मात्र तोच अबोल परशुराम. कंपनीत त्याला बढती मिळत होती, शिफ्टचा प्रमुख करणार होते. ती त्याने नाकारली. प्रमुखाला फोनवर बोलावं लागतं. मला कळलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "बरं केलंस. कशाला हवी ती डोकेदुखी?" मी त्याच्या वतीने समाधानसुद्धा मानायचे.

गौरी सव्वीस वर्षांची झाली, तेव्हा अलिबागकडचं एक चांगलं स्थळ आलं. मुला-मुलीची पसंती झाली होती. बोलणी करायला ते सातजण रोह्याला परशूच्या घरी आले. मी आदल्या दिवशीच जाऊन तयारीत होते. कोण काय विचारेल आणि मी काय सांगेन, हे माझं मनात ठरलेलं होतं. चहापोहे झाले. मुलाचे काका, वयस्कर, भारदस्त गृहस्थ, म्हणाले, "मुलीच्या वडलांचं म्हणणं ऐकू द्या." मी पदर सावरला आणि म्हटलं, "त्याचं म्हणणं असं की..." आणि परशूने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"त... ताई. थांब."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो खुर्चीत जरा पुढे सरकला आणि त्याने सुरुवात केली. "म-मी गौरीचा वडील. माझं नाव..." आणि मग ते ओठ मिटले. मला त्याची मान दिसत होती, ताणलेली शीर दिसत होती. एकजण खाली बशीकडे बघायला लागला, एक बाई पंख्याकडे. मला त्याचं नाव ओरडून सांगावंसं वाटत होतं. लहानपणापासून मी तेच करत आले होते, ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण त्याचा हात अजून माझ्या मनगटावर होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एकदम, फुटल्यासारखं, "परशुराम" असं आलं. त्याने श्वास घेतला आणि पुढे बोलला. मी त्याचं अडखळणं इथे लिहीत नाही, वाक्यं तेवढी लिहिते. "मी तोतरा आहे. जन्मापासून. गौरी नाही. तिच्या मुलांना होईल की नाही, मला माहीत नाही. माझ्या लग्नात हे लपवलं होतं. आता मला लपवायचं नाही. तुम्हाला चालत असेल तर पुढचं बोलू. मी बोलेन. मला वेळ लागेल."

काका म्हणाले, "नाही नाही, त्यात काय एवढं." आणि चार दिवसांनी, पत्रिका जुळत नाही, असा निरोप आला. पत्रिका महिन्यापूर्वीच जुळली होती.

मी परशूवर इतकी चिडले, इतकी चिडले, की आता ते शब्द लिहायचीही लाज वाटते. गौरी आतल्या खोलीत रडत होती आणि मी बाहेर त्याला म्हणत होते, "पोरीच्या आयुष्याची माती केलीस. काय अडलं होतं मी बोलले असते तर? एवढी वर्षं बोलले नाही का तुझ्यासाठी?" तो ऐकत बसला होता. मग म्हणाला, "ताई, म-मी दमलो गं."

मी म्हटलं, "दमायला काय झालं तुला? बोलते तर मी."

तेव्हा त्याने मला ते सांगितलं. फार वेळ घेऊन, तुटक तुटक. प्रत्येक शब्द तोंडातून काढायच्या आधी तो तपासून बघत असतो. हा अडेल का, अडेल तर त्याच्याऐवजी दुसरा कुठला, तोही अडला तर गप्प बसून कसं निभवायचं. सकाळी डोळे उघडल्यापासून हे चालू. दुकानात त्याला हवी असते ती वस्तू तो आणत नाही, नाव घेता येतं ती आणतो. "मी काय आहे ते लपवायचं, हे मी कंपनीच्या कामापेक्षा जास्त काम केलंय," तो म्हणाला. "आता नाय होत."

मी तशीच पिशवी उचलून पेणला निघून आले. आठ महिने आम्ही बोललो नाही. लोक म्हणतात, माणसाला स्वतःसारखं जगायला हिंमत लागते. असेल. परशूच्या बाबतीत मला हिंमत दिसली नाही. मला दिसला तो छप्पन्न वर्षांचा एक थकलेला माणूस, ज्याला डोक्यावरचा भारा आणखी पाऊलभरही नेववत नव्हता, म्हणून त्याने तो रस्त्यातच उतरवला. मला त्याचा राग आला, कारण भारा उतरवल्यावर त्याला माझी गरज उरली नसती. हे मला त्या आठ महिन्यांत हळूहळू कळलं. कळलं तरी मी फोन केला नाही.

फोन त्यानेही केला नाही. तो आलाच. एका दुपारी दार वाजलं, उघडलं तर परशू. घामाघूम. आत आला, पाणी मागायच्या आधी खिशातून तिकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. मशीनमधून निघतं ते पातळ तिकीट. रोहा ते पेण. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला हसूही यायला लागलं आणि रडूही. मग पाणी पिऊन त्याने सगळी हकिकत सांगितली. कंडक्टर म्हणाला, कुठे? याचे ओठ मिटले. कंडक्टरने अंदाज केला, "पनवेल?" याने मान हलवली. "मग पेण का, काका?" आता इथे नुसती मान डोलावली असती तर काम झालं होतं. पण हा कंडक्टरला म्हणाला, "थ-थांब. मला बोलू दे." कंडक्टर बिचारा मशीन घेऊन उभा राहिला. मागची एक भाजीवाली म्हणाली, "बोलू दे रं त्याला, गाडी काय पलून चाललीय?" आणि मग परशू 'पेण' म्हणाला. "अख्ख्या गाडीने ऐकलं," परशू म्हणाला. त्याला विलक्षण आनंद झाला होता. मी त्याला सांगितलं की वडखळचं मला पहिल्यापासून ठाऊक होतं. "मग ब-बोलली का नाहीस?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "तुला वाईट वाटेल म्हणून." तो म्हणाला, "वाईट तर वाटतच होतं. एकट्याला वाटत होतं."

पुढे वर्षभराने गौरीला नागोठण्याकडचं स्थळ आलं. परशूने तेच, तसंच सांगितलं. या वेळी मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. मुलाचे आजोबा होते, शेतकरी माणूस. परशू नावापाशी अडला तेव्हा ते म्हणाले, "सावकाश सांगा. आमची गाडी संध्याकाळची हाय." गौरी आज त्या घरात आहे, सुखात आहे. म्हणून परशूचं बरोबर ठरलं, असं मला म्हणायचं नाही. ते स्थळ आलं नसतं तरी त्याने तेच केलं असतं.

आणि मग हा माणूस बोलायला लागला! इतका, की आम्ही कंटाळलो. दहा मिनिटांची गोष्ट तो पाऊण तास सांगायचा. वीज मंडळात जाऊन स्वतः तक्रार करायचा, न्हाव्याकडे राजकारणावर बोलायचा, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसांना धरून बसायचा. शब्द टाळायचा नाही, अडला तर अडू द्यायचा. त्याचं तोतरेपण कणभरही कमी झालं नाही, उलट वाढल्यासारखं वाटायचं, कारण आता ते सगळ्यांना ऐकू येत होतं. मला तो एकदा म्हणाला, "लहानपणी कोलाडला बाबांनी शर्टाचं कापड घेतलं होतं, तू म्हणालीस, परशूला पांढरं हवंय. मला न-निळं हवं होतं." मी म्हटलं, "अरे, पन्नास वर्षं झाली त्याला!" तो म्हणाला, "मला व-वेळ लागतो." आणि स्वतःच खो-खो हसला.

आमची शेवटची भेट तो जायच्या तीन आठवडे आधीची. माझे मिस्टर पाच वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं मीच करते. त्या दिवशी शेजारणीला बसवून मी अर्ध्या दिवसासाठी रोह्याला गेले होते. परशू मला कुंडलिका नदीच्या काठावर फिरायला घेऊन गेला. बाकावर बसल्यावर त्याने विचारलं, "तुझं कसं चाललंय?" मी म्हटलं, "बरं चाललंय. माझं काय, मी मजेत असते."

"खोटं," परशू म्हणाला.

तो शब्द जराही अडला नाही. मी नदीकडे बघायला लागले. तो पुढे काही विचारेल असं वाटलं होतं, पण तो थांबून राहिला. मी जशी फोनवर त्याच्यासाठी थांबायला शिकले होते, तसा. मला काही सांगता आलं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या वतीने बोलल्यामुळे असेल, स्वतःचं काय बोलायचं तेच सुचेना. मग गाडीची वेळ झाली. स्टँडवर तो म्हणाला, "प-पुढच्या वेळी सांग." मी म्हटलं, सांगेन.

गेल्या आठवड्यात माझा मुलगा चार दिवसांची रजा काढून पुण्याहून आला. वडिलांजवळ तो थांबला आणि मी रोह्याला गेले. गौरी सासरी परत गेली होती, शैला एकटीच होती. जेवायला बसलो तेव्हा तिने रीतीप्रमाणे विचारलं, "कशा आहात, ताई?" माझ्या तोंडात 'मजेत' आलंच होतं. ते मी गिळलं. मग बराच वेळ मला काही बोलता येईना. शैला घास हातात धरून थांबली. सदतीस वर्षं तोतऱ्या माणसाशी संसार केलेली बाई ती.

"दमलेय गं," मी म्हटलं. "फार दमलेय. कधीकधी वाटतं, हे सुटावेत... आणि मग स्वतःचीच भीती वाटते." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि एकदा तोंड उघडलं तसं बाकीचंही सांगितलं. तिला बघायला आलो होतो तेव्हा मी खोटं बोलले, आणि ती पेणला विचारायला आली तेव्हा दुसऱ्यांदा बोलले, हेही. "चुकलं माझं," असं म्हटलं. शैला म्हणाली, "हो, चुकलं." आणि माझ्या ताटात आमटी वाढली. "आज राहा इथेच. झोपा जरा." मी आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी सात वाजेपर्यंत झोपले. असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

उठून बाहेर आले तर शैला पडवीत बसली होती, वर्तमानपत्राची घडी मांडीवर तशीच. निवृत्त झाल्यापासून परशू रोज सकाळी इथे बसून तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. ती भाजी निवडायची, तांदूळ निवडायची, आणि ऐकायची. मोतीबिंदूमुळे तिला बारीक अक्षर दिसत नाही. "वाचता का?" तिने विचारलं. मी चष्मा लावला. शाळेत आयुष्यभर वाचूनच दाखवलेलं, जीभ आपोआप चालते. पहिलं पान, जिल्ह्याच्या बातम्या, निधनवार्ता, भाताचे भाव, सगळं वाचलं आणि घडी घालून खाली ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजायचे होते.

शैला माझ्याकडे बघत राहिली. तिच्या पुढ्यातली वालाच्या शेंगांची परडी अजून जवळजवळ भरलेलीच होती.

"झाला?" ती म्हणाली.

"झाला की."

"यांचा अकरापर्यंत पुरायचा हो..." ती शेंगांकडे बघत म्हणाली. मग परडी तिने पुन्हा जवळ ओढली. "पुन्हा वाचा ना, ताई. जरा सावकाश."

मी घडी उलगडली, आणि पहिल्या पानावरच्या पहिल्या शब्दापासून, एकेक शब्द पुरा होऊ देत, वाचायला लागले.